बॅटरीचं पाणी

“इस्त्री मी केलेली नाही, मिक्सर मी लावलेला नाही, आणि आता माझ्याकडे बघायचंही नाही कुणी!” आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हातातलं उलथनं नाचवत होती. सकाळचे सहा वाजले होते आणि मागच्या खोलीतला इन्व्हर्टर कोकलत होता.

“मी कुठे काय म्हटलं, वहिनी?” आत्या म्हणाली.

“म्हणायला कशाला हवं? काल संध्याकाळी तुम्ही माझ्या मशीनकडे बघितलंत.”

“बघितलं. आठ वाजता चालू होतं.”

“वन्सं, उशांचे अभ्रे शुक्रवारी द्यायचेत. दुपारी शिवायला बसावं तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात माझी कात्री. पॅसेजमध्ये शिवते मी, पॅसेजमध्ये! मला एक खोली द्या, मी भर दुपारी शिवते. पण खोलीत तुमच्या चार बॅटऱ्या राहतात. या घरात त्यांना जेवढ्या वेळा पाणी हवं का विचारलं जातं, तेवढ्या वेळा मला कुणी विचारलेलं नाही.”

बाबा हातातलं वर्तमानपत्र घडी करत होते. ते वाचून झालेलं नव्हतं. घडी करणं ही त्यांची रागावण्याची पद्धत होती.

“पुरे झालं, चिमे,” ते म्हणाले. आत्या एकसष्ट वर्षांची होती, तरी बाबांसाठी ती चिमीच. “महिना झाला, पहाटे हाच भोंगा. काल तर चारलाच पंखा बंद पडला. गल्लीत नवी केबल आलीये, वीज आता जात नाही म्हणतात. मी कनेक्शनसाठी अर्ज भरलाय. आणि जुन्या बॅटऱ्या घेणारा रविवारी दहाला येतोय. गच्चीवरचे सोलर पॅनलही बघून जाईल.”

कढईत काहीतरी करपायला लागलं, पण आई जागची हलली नाही. तिलाही हे नवीन होतं.

आत्या उठून मागच्या खोलीत गेली. भोंगा थांबला. परत येऊन तिने खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि विचारलं, “रविवारपर्यंत मला हात लावू देशील ना?”

“तुझंच आहे ते,” बाबा म्हणाले. “डोळ्यांना जप म्हणजे झालं.”

त्या दिवशी बुधवार होता.

माझ्या आत्याने तेहतीस वर्षं बस डेपोच्या बॅटरीच्या खोलीत काढली. ही खोली डेपोच्या मागच्या टोकाला, शौचालयाच्या भिंतीला लागून होती. तिथे अॅसिडचा वास घशाला लागायचा, म्हणून पुरुष माणसं तिथली बदली टाळायची. आत्या बाविसाव्या वर्षी कामाला लागली, तेव्हा फोरमनने तिला तिथे नेऊन उभं केलं. आठ दिवसांत ही रडत ऑफिसात येईल आणि टायपिंग मागेल असा त्याचा हिशेब होता. आठव्या दिवशी ती ऑफिसात गेली, पण खिडकीला जाळी मागायला. वास बाहेर जायला हवा, उंदीर आत यायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिचे सगळे कपडे सुती असायचे आणि सगळ्या कपड्यांना बारीक भोकं असायची, उजेडात धरलं की चाळणीसारखी. अंगठी, बांगडी, घड्याळ यातलं काही तिने कधी घातलं नाही. बॅटरीच्या दोन टोकांवर धातू पडला तर काय होतं ते तिने एका मेकॅनिकच्या मनगटावर बघितलं होतं. पहाटे पाचला पहिली बस निघायची. थंडीत एंजिन आखडून बसलेलं असायचं, आणि ड्रायव्हर चावी फिरवायच्या आधी खिडकीतून ओरडायचे, “बॅटरीबाईने हात लावलाय का हिला?” लावलेला असेल तर बॅटरीवर खडूची एक बारीक रेघ असायची. रेघ असली की ड्रायव्हर निर्धास्त. निवृत्त झाली तेव्हा डेपोने तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. त्यात बारका सेल बसायचा. ती म्हणाली, “यातही बॅटरीच?” आणि तेवढं एकदाच सगळ्यांसमोर हसली.

लग्न तिने केलं नाही. डेपोच्या क्वार्टरमध्ये राहायची, ते घर नोकरीबरोबर सुटलं आणि ती दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे आली.

आमचं घर विजेच्या तारेच्या शेवटच्या खांबावर. आधीच्या चाळीस घरांनी आपापलं भागवून उरलेली वीज आमच्यापर्यंत यायची. ट्यूबलाइट पापणी लवल्यासारखी लवायची, पेटायची नाही. पाण्याची मोटर नुसती हुंकार द्यायची, की आई बादल्या घेऊन जिना चढायला लागायची. आत्याने हे दोन महिने बघितलं. मग एक दिवस गच्चीवर चढली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत खडूने फरशीवर टाकीच्या सावलीच्या रेघा मारत बसली, आणि खाली येऊन म्हणाली, “साडेनऊ ते साडेचार स्वच्छ ऊन आहे. वाया चाललंय.”

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. सूर्य किती लांब आहे, त्याचा प्रकाश इथे यायला किती मिनिटं लागतात, सगळं त्यांना तोंडपाठ. घरातला फ्यूज कुठे आहे ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आत्याला तासभर सूर्य समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पॅनल सांगून आली.

गच्चीवर चार पॅनल बसले आणि मागच्या खोलीत चार बॅटऱ्या आल्या, दोन पुढे, दोन भिंतीकडे. वर्षभराने तिने विजेची लाइन कापूनच घेतली. मीटरच्या फळीवर आता कॅलेंडर लटकतं.

मग घराला पाळी लागली. हा डेपोतला शब्द. अकरा ते तीन ही सूर्याची पाळी: मोटर, धुलाई मशीन, इस्त्री, मिक्सर, जे जे जड ते सगळं तेव्हा. त्यानंतर फक्त दिवे, पंखे आणि छोटा फ्रिज. आम्ही पिढ्यान्पिढ्या दुपारी झोपणारी माणसं. एक वाजला की आत्या दारात उभी राहायची, “उठा, बॅटऱ्या भरल्या, आता वर येतंय ते नुसतं फुकट जातंय!” आई उशीत तोंड खुपसून म्हणायची, “जाऊ द्या की वन्सं, सूर्य काय आपला जावई आहे? उपाशी गेला म्हणून रुसेल?” पण उठायची. कारण टाकी तुडुंब असायची, आणि जिन्यावरून बादली न्यावी लागून पाच वर्षं झाली होती.

एकदा आईने उन्हात घालायच्या उशा थेट पॅनलांवर मांडल्या होत्या. तिच्या मते एवढी स्वच्छ, तापलेली, तिरकी जागा अख्ख्या घरात दुसरी नव्हती. आत्याने वर जाऊन बघितलं, एकेक उशी उचलून दोरीवर टाकली, आणि खाली येऊन इतकंच म्हणाली, “वहिनी, त्यांना पण ऊन लागतं.”

वादळाच्या वर्षी गल्लीतले सहा खांब आडवे झाले. नऊ दिवस सगळीकडे अंधार, फक्त आमच्या ओसरीवर दिवा. आत्याने ओसरीवर एक लांब बोर्ड लावला आणि गल्लीचंही वेळापत्रक केलं. फोन दुपारी बारा ते तीन. समोरच्यांच्या दमेकरी मुलीचं वाफेचं यंत्र दिवसातून चार वेळा, आणि त्याच्या मध्ये कुणीही येणार नाही. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला दोन दिवस आपला जनरेटर धडधडवत होता. तिसऱ्या दिवशी डिझेल संपलं आणि तो फोन हातात घेऊन फाटकाशी उभा राहिला. याच माणसाने पॅनल बसवताना रस्त्यावरून ओरडून विचारलं होतं, “काय बाई, आकाशातून वीज पाडताय का?” आत्याने त्याला पहिला प्लग दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “चालू आहे ना हो हे?”

“चालू आहे. आवाज नाही याला.”

तिची थट्टा एवढीच असायची.

तिला पाहुणी म्हणून आमच्याकडे कुणी वागवलं नाही. पण घर बाबांचं होतं, स्वयंपाकघर आईचं होतं आणि मागची खोली तिची. तीही तिची म्हणजे बॅटऱ्यांची. ती स्वतः हॉलमध्ये दिवाणावर झोपायची. दिवा लावताना कुणी तिचं नाव घेत नसे, पण तिला ते ऐकू येत असावं. बॅटऱ्या गेल्या असत्या म्हणून तिला जा असं कुणी म्हटलं नसतं. फक्त आपण या घरात कशासाठी आहोत, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. बुधवारी बाबांनी काय विकायला काढलं होतं, ते त्यांना स्वतःला कळलेलं नव्हतं. आईला कळलं असावं, कारण त्या दिवशी तिने मशीन दुपारी चालवलं, कुणी न सांगता.

गेल्या पाच महिन्यांत आत्या त्या खोलीत वाकली नव्हती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, दुसऱ्यात गुंतागुंत झाली, आणि डॉक्टरांनी वाकायची, जड उचलायची सक्त मनाई केली. ही मनाई उठली त्याच आठवड्यातल्या सोमवारी. मधल्या काळात पाणी घालायचं काम बाबांकडे होतं. या बॅटऱ्यांमधलं पाणी चार्ज होताना हळूहळू उडून जातं, आणि ठरलेल्या रेषेपर्यंत पुन्हा भरावं लागतं. आत्याने हॉस्पिटलात जाताना दारातून सांगितलं होतं, “दादा, महिन्यातून एकदा टोपणं उघडायची आणि रेषेपर्यंत पाणी घालायचं.” बाबांनी मान हलवली होती. मग दर महिन्याला पहिल्या तारखेला चष्मा पुसून, बाह्या दुमडून ते खोलीत जायचे, आणि बाहेर येऊन ऑपरेशन केल्यासारखे हात धुवायचे.

गुरुवारी दुपारी आत्याने मला बरोबर घेतलं. शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते.

“कानातलं काढ,” ती म्हणाली. “आणि मी सांगेन तो आकडा वाचायचा. जवळचं अजून धूसर दिसतं मला.”

तिच्याकडे डेपोतली काचेची नळी होती, वर रबरी फुगा, आत एक छोटी कांडी. फुगा दाबून बॅटरीतलं थोडं पाणी नळीत ओढायचं. कांडी वर तरंगली तर बॅटरीत जीव आहे, तळाला बसली तर नाही. तिने पुढच्या बॅटरीचं पहिलं टोपण उघडलं. पाणी अगदी रेषेवर होतं, पट्टीने आखल्यासारखं. कांडी तळाला बसली. दुसरं टोपण, तसंच. पुढच्या दोन्ही बॅटऱ्यांची बाराच्या बारा टोपणं उघडली. सगळीकडे पाणी काटेकोर, आणि कांडी मेल्यासारखी.

“आता मागच्या.”

मागच्या दोन बॅटऱ्यांपर्यंत पोचायला पुढच्यांवरून आडवं होऊन हात लांबवावा लागतो. आत्या किरकोळ अंगाची, ती शिरली. टोपण उघडून तिने मला टॉर्च मारायला सांगितला. आत पाणी खूप खाली गेलं होतं, प्लेटा जेमतेम बुडाल्या होत्या. पाच महिन्यांत तिथे थेंबही पडलेला नव्हता. कांडी मात्र वर आली आणि तिथेच डुलत राहिली.

“काय आकडा?”

मी सांगितला. तिने मला पुन्हा वाचायला लावला.

“इथपर्यंत पोट आडवं येतं दादाचं,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने कोपऱ्यातला पांढरा कॅन पुढे ओढला. हॉस्पिटलात जायच्या आधी तिने आणून ठेवलेला. त्याच्या तोंडावरचं सील जसंच्या तसं होतं.

ती कॅनकडे बघत राहिली, मग पुढच्या भरलेल्या बॅटऱ्यांकडे, मग पुन्हा कॅनकडे. मला काही उलगडेना.

“यातलं पाणी घातलंच नाही त्याने,” ती म्हणाली.

“मग कुठलं घातलं?”

तिने हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर आमचा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर. शेजारी किटली, तिच्या आत पांढरा खरवडा, बोटाने सुटत नाही असा. आमच्या नळाला क्षारांचं पाणी येतं. फिल्टरने त्यातला गाळ जातो, क्षार जात नाहीत. माणसाला त्याने काही होत नाही. बॅटरी मात्र महिन्या-महिन्याने मरत जाते. मेलेल्या पुढच्या दोन मागच्या दोघींचंही ओढून घेत होत्या, म्हणून पहाटेचा भोंगा.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. रविवारी विकायला निघालेल्या माणसानेच हे करून ठेवलं होतं! मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने किटली जागेवर ठेवली.

“कुणाला सांगायचं नाही,” ती म्हणाली. “आणि तू बाबांकडे असं बघूही नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.”

त्या दुपारी तिने पुढच्या दोन बॅटऱ्या तारेतून सोडवल्या. मागच्या दोन उन्हाच्या पाळीत भरू दिल्या. आधी चार्ज, मग पाणी, हा तिचा डेपोतला नियम. तीन वाजता सील फोडलं आणि कॅनमधलं पाणी छोट्या नरसाळ्याने एकेका टोपणात घातलं. मी टॉर्च धरून उभी. बारावं टोपण लावून ती उठली, आणि खडू घेऊन दोन्ही बॅटऱ्यांवर एकेक बारीक रेघ मारली.

शुक्रवारी पहाटे भोंगा झाला नाही. सहाला झाला नाही, साडेसहालाही झाला नाही. आई दोनदा मागच्या खोलीशी जाऊन कान देऊन आली. “बंदच पडलं वाटतं सगळं,” असं म्हणून तिने बटण दाबलं, तर दिवा लागला. बाबांनी वर्तमानपत्र उघडं ठेवलं.

शनिवारीही तसंच.

शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. खोलीची जाळीची खिडकी त्याच बाजूला आहे. आत्या आत होती, आणि बाबा दारात येऊन उभे राहिले होते.

“दोन सोडवल्यास?”

“हो.”

“दोनवरच चाललंय?”

“दोन रात्री.”

 मग बाबा म्हणाले, “तो कॅन फोडलास तू. त्यात काय असतं?”

“पाणी.”

“पाणी म्हणजे?”

“पाणी, दादा. वाफेचं पाणी, क्षार नसलेलं. बॅटरीला तेवढंच चालतं.”

“मला वाटलं अॅसिड आहे.” बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. “तूच सांगायचीस, या खोलीतल्या कॅनला कुणी हात लावायचा नाही, बोटं झडतील. मी म्हटलं, पाणी घाल म्हणाली आहे, तर घरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी घालू. उकळून घ्यायचो, चिमे. उकळून, गार करून, फडक्यातून गाळून. बाळाला पाजावं असं पाणी घातलं मी.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“गुरुवारपासून.”

“मग बोलली का नाहीस? माझ्याच हाताने मारल्या, आणि मीच विकायला काढलं!”

 माझ्या हातातला ओला टॉवेल पायांवर ठिबकत होता.

“डेपोत नवा माणूस पाळीवर आला की पहिल्या दिवशी मी त्याला उभं करून दाखवायची,” आत्या म्हणाली. “हे अॅसिड, हे पाणी, हा हात, इथे धरायचं. हमालालासुद्धा दाखवलं. तुला नाही दाखवलं. पाच वर्षं एकाच घरात राहून नाही दाखवलं. दारातून सांगून गेले.”

“घाईत होतीस.”

“घाई नव्हती,” आत्या म्हणाली. “कुणाला यायलाच नको होतं मला.”

 बाबांनी विचारलं, “यात हात घातला तर खरंच काही होत नाही?” आणि मग पाण्याचा आवाज आला. आमचे भूगोलाचे मास्तर कॅनच्या झाकणात पाणी ओतून त्यात बोट बुडवून बघत होते.

रविवारी दहाला जुन्या बॅटऱ्या घेणारा आला. खांद्यावर मळका पट्टा, हातात साखळीचा काटा. आईने त्याला ओसरीवर बसवलं, आणि आता काय ते होऊन जाऊ दे अशा चेहऱ्याने दाराला टेकून उभी राहिली. बाबा आतून तो न दिलेला विजेचा अर्ज घेऊन आले. तो त्यांनी चौघडी करून खिशात ठेवला.

“किती द्यायच्यात?” त्या माणसाने विचारलं. “चार म्हणाला होतात ना, साहेब?”

बाबांनी आत्याकडे बघितलं.

आत्या दारातून पुढे आली. भोकाभोकांचे तेच सुती कपडे, हात कोरडे करत. आवाज चढला नाही की उतरलाही नाही. डेपोत पाळी वाचून दाखवत असेल तसाच होता.

“दोन द्यायच्यात, पुढच्या. त्या संपल्या. पॅनल द्यायचे नाहीत. दोन बॅटऱ्या जिन्याखाली मावतात, तिथे हवा खेळती आहे, आज दुपारी हलवू. मागची खोली वहिनींची, मशीन उद्यापासून तिथे आणि शिवण अकरा ते तीन. आणि पाणी इथून पुढे दादा घालेल.”